राजांची जोडी आणि पटावरचा एक्का

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब समर्थ नावाचे गाव आहे. सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी १६०८ साली रामनवमीच्या दिवशी नारायणाचा जन्म येथेच झाला. पुढे हाच नारायण समर्थ रामदास म्हणून ओळखला गेला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच नारायण मंडपातून निघून गेला, ही कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. समर्थांचे नाव पत्त्यांच्या लेखात घेतल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. परंतु पुढचा सगळा विषय त्या एका शब्दाभोवतीच फिरणार आहे. ‘सावधान’ म्हणजे ‘पळ’ नव्हे, ‘घाबर’ही नव्हे. स-अवधान, म्हणजे लक्ष जागेवर ठेवून. लग्नाच्या मंडपात आपण हा शब्द शेकडो वेळा ऐकतो आणि अक्षता टाकून जेवणाच्या पंगतीकडे वळतो. पत्त्यांच्या डावात मात्र तो ऐन वेळी आठवला नाही, तर समोरची रास पलीकडे सरकते.

काही वर्षांपूर्वीची कोजागरीची रात्र. मामांच्या गच्चीवर मसाला दूध आटत होते आणि सतरंजीवर आम्ही पाच जण पोकर खेळत होतो. पैशांऐवजी काडेपेटीतल्या काड्या. मला दोन राजे आले. पत्ते उचलून पाहताना चेहरा निर्विकार ठेवण्याचा मी प्रयत्न केला. तो फसला असावा. मी काड्या वाढवल्या, तिघे सोबत आले. मग सतरंजीवर तीन पाने उघडली गेली : इस्पिकचा एक्का, बदामची अठ्ठी, चौकटची तिर्री. एक्का पाहून पोटात खड्डा पडला. पण राजे टाकवेनात. मी काड्या लावल्या, मामांनी तितक्याच लावल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा तेच. शेवटी मामांनी एक्का आणि गुलाम दाखवला, आणि माझ्या पुढ्यात तीन काड्या उरल्या. ‘अरे, एक्का तुलाही दिसत होता ना?’ एवढेच ते म्हणाले. दिसत होता, हे खरेच होते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. आपल्याकडे पत्ते म्हटले की मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात, रमी आणि दिवाळीच्या दिवसांत तीन पत्ती. तीन पत्तीत प्रत्येकाला तीन पाने मिळतात आणि डाव संपेपर्यंत ती बदलत नाहीत. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० संच होतात; त्यांतले सुमारे ७४ टक्के संच असे असतात की त्यांत जोडीही नसते. म्हणून तीन पत्तीत जोडी आली की माणूस छाती पुढे काढून बसतो, आणि ते योग्यही आहे. पहिल्या चालीला जी जोडी होती, तीच शेवटच्या चालीला असते.

पोकरच्या ‘टेक्सास होल्डेम’ या सर्वाधिक प्रचलित प्रकारात तसे नाही. प्रत्येकाला फक्त दोन पाने झाकून मिळतात. मग मध्यभागी सर्वांसाठी सामाईक अशी तीन पाने एकदम उघडतात, त्याला ‘फ्लॉप’ म्हणतात. त्यानंतर एक ‘टर्न’ आणि शेवटी एक ‘रिव्हर’. दर टप्प्याला बोली असते. आपली दोन आणि पटावरची पाच, अशा सातांतून उत्तम पाच पानांचा हात करायचा. म्हणजेच तुमची पाने बदलत नाहीत, पण त्यांची किंमत डावात तीन वेळा बदलू शकते. तीन पत्तीवर वाढलेल्या मराठी माणसाला पोकर जड जातो तो येथे. त्याच्या लेखी जोडी ही मालमत्ता असते. पोकरमध्ये ती भाड्याची जागा आहे.

दोन राजे हातात येण्याचा योग २२१ डावांत सरासरी एकदा येतो. एवढी वाट पाहून मिळालेल्या वस्तूचा मोह सुटत नाही, यात नवल नाही. फ्लॉप उघडण्यापूर्वी या जोडीपेक्षा वरचढ जोडी एकच, एक्क्यांची. परंतु राजे हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का येण्याची शक्यता सुमारे साडेबावीस टक्के असते. दर नऊ डावांत दोनदा म्हणा. राण्या असतील तर राजा किंवा एक्का येण्याची शक्यता ४१ टक्क्यांच्या पुढे जाते, आणि गुलामांची जोडी असेल तर तिच्यावरचे पान येण्याची शक्यता ५७ टक्के. तेव्हा ‘नेमका माझ्याच वेळी एक्का येतो’ ही तक्रार करण्यात अर्थ नाही. भीतिदायक पान हा अपघात नसून खेळाचा नेहमीचा भाग आहे.

आता प्रश्न असा, की एक्का पटावर आला म्हणजे तो समोरच्याच्या हातातही आहे काय? येथे बहुतेकांचे मन दोन टोकांना जाते. भित्रा म्हणतो, असणारच. हट्टी म्हणतो, नसणार. हिशेब दोघांनीही केलेला नसतो. पटावर एक एक्का आहे, तुमच्या हातात दोन राजे आहेत. न दिसलेली पाने ४७ आणि त्यांत एक्के तीन. समोर एकच खेळाडू असेल आणि त्याची पाने अगदी कशीही असू शकतील, तर त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता केवळ साडेबारा टक्के. दोन खेळाडू असतील तर कोणा एकाकडे तरी एक्का असण्याची शक्यता जवळजवळ २४ टक्के, तिघे असतील तर ३४, आणि पाच जण असतील तर ५२ टक्के. एका माणसासमोर जो एक्का किरकोळ धोका आहे, तोच पाच जणांसमोर निम्म्याहून अधिक वेळा घात करतो. त्या कोजागरीला माझ्यासोबत तिघे आले होते, हे मी मोजलेच नव्हते.

पण वरचा हिशेबही पुरता खरा नाही, कारण समोरच्याची पाने ‘कशीही’ नसतात. काड्या वाढवल्यावर जो सोबत आला, त्याने काहीतरी पाहूनच पाऊल टाकलेले असते. दुर्री-सत्ती घेऊन शहाणा माणूस येत नाही. एक्का-राणी घेऊन येतो. म्हणून अनुभवी खेळाडू एकेका पानाचा विचार न करता, समोरच्याकडे असू शकतील अशा सगळ्या हातांचा एक गठ्ठा मनात धरतो.

असा गठ्ठा करून पाहू. फ्लॉप तोच : एक्का, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. समोर एकच खेळाडू. समजा, तो एक्क्यासोबत राजा, राणी, गुलाम किंवा दश्शी असेल तर आला असता. दोन राजे आपल्याकडे असल्यामुळे एक्का-राजाचे सहाच संच उरतात; बाकीच्या तिन्हींचे प्रत्येकी बारा. एकूण ४२. शिवाय तो पंजी ते राणीपर्यंतची कोणतीही जोडी घेऊन आला असता. अठ्ठी सोडून अशा सात जोड्या, प्रत्येकीचे सहा संच, म्हणजे पुन्हा ४२. अठ्ठीच्या जोडीचे तीन. ते आपल्या पुढे, कारण त्यांच्या तीन अठ्ठ्या झाल्या. उरले राजा-राणीचे आठ आणि एकाच रंगाचे राणी-गुलाम व गुलाम-दश्शी यांचे चार-चार. सारे मिळून १०३ संच. त्यांपैकी ४५ आपल्यावर मात करतात. ५८ आपल्या मागे आहेत. भीती वाटत असूनही पारडे अजून किंचित आपल्याच बाजूला झुकलेले आहे!

मग जोरात काड्या लावाव्यात काय? येथेच खरी मेख आहे. पॉट १०० काड्यांचा असताना तुम्ही ५० लावल्या, तर त्या ४५ संचांपैकी कोणीही पळणार नाही. मागे असलेल्या ५८ पैकी बहुतेक सगळे पाने टाकतील. एक्का त्यांनाही दिसतो. फार तर राण्या किंवा गुलामांची जोडी असणारे, म्हणजे बारा संच, एकदा सोबत येतील. याचा अर्थ तुम्हाला कॉल करणाऱ्या ५७ संचांत तुम्ही फक्त बारांच्या पुढे आहात. न लावता निम्म्याहून अधिक संचांवर मात करणारी जोडी, काड्या लावताच पाचांत एकदाच जिंकणारी झाली. जोडी तीच होती. तुमच्या बोलीने दुबळ्यांना हाकलले आणि बलवानांना घरात घेतले.

म्हणूनच अशा वेळी जुने खेळाडू ‘चेक’ करतात, म्हणजे बोली न लावता पाळी पुढे सोडतात आणि पॉट लहान ठेवतात. यात भित्रेपणा नाही. पुढचे पान फुकट दाखवल्याने फारसे बिघडतही नाही, कारण राण्यांच्या जोडीवाल्याला आपल्याला मागे टाकायला उरलेल्या दोनच राण्या उपयोगी आहेत. दोन्ही पाने येईपर्यंत तशी राणी पडण्याची शक्यता नऊ टक्क्यांच्या आसपास. आपण एक्क्यामागे असलो तर आपल्यालाही दोनच राजे तारू शकतात, शक्यता तितकीच. दोन्ही बाजूंना फार काही बदलणार नसेल तर घाई कशाची? उलट आपण गप्प राहिलो, तर राण्यांवाल्याला वाटते की याच्याकडे एक्का नाही, आणि पुढच्या टप्प्यावर तोच काड्या टाकतो किंवा आपल्या छोट्या बोलीला सोबत येतो.

आणखी एक बाजू आहे. ती नवख्यांच्या ध्यानात येत नाही आणि मलाही उशिराच उमगली. काड्या आधी वाढवल्या होत्या त्या तुम्ही. ज्याने वाढवल्या त्याच्याकडे एक्का असण्याची शक्यता समोरच्याच्या नजरेत अधिक असते. म्हणजे पटावरचा एक्का तुम्हाला जितका भिववतो त्याहून त्याला अधिक भिववतो. गेल्या काही वर्षांत संगणकांनी या खेळाची उकल बरीच पुढे नेली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने जानेवारी २०१७ मध्ये चार व्यावसायिक खेळाडूंना १ लाख २० हजार डावांत हरवले, आणि २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर तेच केले. अशा गणितातून तयार झालेले आजचे डावपेच सांगतात की, समोर एकटाच असेल तर एक्क्याच्या फ्लॉपवर पॉटच्या तृतीयांश इतकी लहानशी बोलीही पुष्कळदा चालते. चेक करा किंवा थोडे लावा, दोन्ही चालेल. चालणार नाही ते, राजांच्या प्रेमापोटी तीनही टप्प्यांवर घसघशीत रकमा टाकत राहणे.

एक्का हे भयाचे एकच रूप. दुसरे रूप रंगाचे. समजा पटावर दोन बदाम होते, आणि टर्नला तिसरे बदाम पडले. आता कोणाकडे दोन बदाम असतील तर त्याचा ‘फ्लश’ झाला, आणि तुमची जोडी, मग ती एक्क्यांची का असेना, मागे पडली. येथेही आधी मोजावे. तुमच्याकडे एकही बदाम नसेल तर न दिसलेल्या ४६ पानांत दहा बदाम उरतात, आणि कोणत्याही दोन पानांत दोन्ही बदाम असण्याची शक्यता सव्वाचार टक्क्यांच्या आसपास. तुमच्या राजांपैकी एक बदामचा असेल तर ती साडेतीन टक्क्यांवर येते. वर चौथे बदाम पडले तर तुमचाच मोठा फ्लश होतो. हातातले एक पान असे दोन्हीकडून कामाला येते. मात्र फ्लॉपला जो तुमच्या बोलीसोबत आला त्याच्याबाबतीत हे टक्के वाढतात, कारण दोन बदामवाला माणूस सोबत येतोच. एक्क्याच्या उदाहरणात फुकट पान दाखवणे स्वस्त होते. पटावर दोन बदाम असताना ते महाग पडते : दोन बदामवाल्याला पुढच्या एका पानात फ्लश मिळण्याची शक्यता १९ टक्के आणि दोन पानांत ३५ टक्के. म्हणून तिसरे बदाम येण्यापूर्वीच त्याच्याकडून किंमत वसूल करायची, आणि ते आल्यावर हात आखडता घ्यायचा. क्रम उलटा करणारे खेळाडू दर टेबलावर दिसतात.

भीतिदायक पानाचा सर्वांत प्रसिद्ध बळी बहुधा सॅम फार्हा हा असावा. २००३ सालच्या ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’च्या मुख्य स्पर्धेत ८३९ खेळाडू उतरले होते, आणि शेवटी दोघे उरले : मुरलेला व्यावसायिक फार्हा आणि टेनेसी राज्यातला, पेशाने लेखापाल असलेला ख्रिस मनीमेकर, जो इंटरनेटवरील एका छोट्या स्पर्धेतून तेथवर आला होता. एका डावात फ्लॉपला नव्वी, दुर्री, छक्की पडली. नव्वी आणि छक्की इस्पिकच्या. फार्हाकडे राणी आणि नव्वी होती, म्हणजे पटावरच्या सर्वांत मोठ्या पानाची जोडी. टर्नला इस्पिकची अठ्ठी आली. एकाच पानाने फ्लशही शक्य झाला आणि सलग पानांचा क्रमही. मनीमेकरने बोली वाढवली. फार्हा सोबत राहिला. रिव्हरला बदामची तिर्री पडली, तिने कोणालाच काही दिले नाही. मनीमेकरने सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. फार्हाने बराच विचार केला आणि पाने टाकली. मनीमेकरकडे होता राजा आणि सत्ती, जोडीसुद्धा नव्हती. त्याचे सगळे बेत फसले होते, आणि त्याने केवळ त्या अठ्ठीची भीती विकली होती. त्या स्पर्धेचे २५ लाख डॉलरचे बक्षीस त्यालाच मिळाले.

फार्हाचे चुकले का? मागाहून पाने पाहून शहाणपणा सांगणे सोपे आहे. एक बारकावा मात्र नोंदवावासा वाटतो : फार्हाच्या हातातली राणी इस्पिकची होती. एक इस्पिक त्याच्याकडे, तीन पटावर. म्हणजे समोरच्याला फ्लशसाठी उरलेल्या नऊंतूनच दोन हवे होते. संच ४५ ऐवजी ३६. पाचांतला एक भाग धोका त्याच्या स्वतःच्या मुठीत बंद होता. तेवढ्याने कॉल करावा असे म्हणता येणार नाही, पण पटावरच्या पानांनी मन व्यापले की हातातली पाने दिसेनाशी होतात, हे मात्र खरे.

भीतीच्या या व्यापाराचाही हिशेब आहे. पॉट १०० असताना कोणी ५० लावून बतावणी करत असेल, तर तीनांत एकदाच तुम्ही पळालात तरी त्याचे नुकसान नाही. दर एक्क्याला आणि दर तिसऱ्या बदामाला तुम्ही पाने टाकू लागलात, तर समोरच्याला पत्ते पाहण्याचीही गरज उरत नाही. उलट बाजूने, त्या ५० च्या बोलीला कॉल करताना तुम्ही १५० जिंकण्यासाठी ५० देता, म्हणजे चारांत एकदा बरोबर ठरलात तरी बरोबरी होते. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘मी जिंकतोय का?’ हा नसतो. ‘चारांत एकदा तरी जिंकतोय का?’ हा असतो. एवढा फरक मनाशी पक्का झाला की अर्धी धडधड थांबते.

आता पैशांविषयी, कारण काड्यांचा खेळ सर्वांनाच पुरत नाही. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्यात सूट आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये म्हटले. पोकरबाबत मात्र न्यायालयांचा सूर एक नव्हता. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी एक कायदा केला होता, तो कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द करण्यात आला. गोव्याची वाट वेगळी. तेथे मांडवीच्या पात्रातील नौकांवर कॅसिनो उभे राहिले, पोकरची टेबले लागली, मुंबई-पुण्याची मंडळी शनिवार-रविवार गाठू लागली. स्वतः गोवेकरांना मात्र तेथे जाण्यास गोवा सरकारने २०२० मध्ये बंदी घातली. यजमानाने घरच्यांना आपल्याच पंगतीतून उठवावे, तसे! भ्रमणध्वनीवर पैसे लावून खेळण्याचे जे पेव फुटले होते, ते संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने बंद केले. या कायद्याने खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेदच बाजूला ठेवला. निकिता लुथर हिने २०१८ मध्ये जोडीदारासह ‘वर्ल्ड सीरिज’चे सुवर्णकंकण जिंकले, आणि ते मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली, तेव्हा हा खेळ आपल्याकडे वेगाने वाढेल असे अनेकांना वाटले होते. तो वाढला, आणि त्याबरोबर कर्जबाजारी झालेल्यांच्या बातम्याही वाढल्या. जोडीवर प्रेम जडते, तसे हरलेल्या पैशांवरही जडते. ते परत मिळवण्यासाठी माणूस पुढचा डाव मांडतो. त्या प्रेमावर वरच्या गणितातले काही लागू पडत नाही. काड्या बऱ्या, एवढेच माझे मत.

गेल्या कोजागरीला पुन्हा तीच गच्ची. राजे नाही, मला दोन राण्या आल्या. मी वाढवले, या वेळी फक्त मामा सोबत आले. फ्लॉपला राजा पडला, सोबत पंजी आणि दुर्री, रंग वेगवेगळे. मी पाळी सोडली. मामांनी पॉटच्या निम्म्या काड्या लावल्या. चारांत एकदा तरी मी पुढे आहे, असे मनात म्हणून मी कॉल केला. टर्नला आम्ही दोघांनीही पाळी सोडली. रिव्हरला चौकटची नव्वी आली, आणि मामांनी चष्मा कपाळावर सरकवून पॉटएवढ्या काड्या मोजून पुढे ठेवल्या. मामा बँकेत ३५ वर्षे होते. इतक्या वर्षांत त्यांना एवढी मोठी थाप मारताना मी पाहिले नव्हते. पॉटएवढी बोली म्हणजे आता तिनांत एकदा बरोबर असणे भाग होते. मी राण्या पुन्हा एकदा पाहिल्या, आणि टाकल्या. मामांनी आपली पाने न दाखवताच गड्डीत मिसळली आणि दूध ऊतू जाते आहे का ते पाहायला उठले.